कोनशे सर

आमच्या शाळेच्या कुठल्याही खोलीत पाऊल टाकलं आणि सर आत असले, की पहिला आवाज यायचा, "कोन शे?" मुख्याध्यापक येवोत की दूधवाला, कोण आलंय हा सरांचा प्रश्न तोच. एकदा व्हरांड्यातून एक शेळी वर्गात शिरली. सरांनी तिला दोनदा विचारलं. उत्तर आलं नाही तेव्हा आम्हाला म्हणाले, "पाहुणे डोळस दिसतात. नाव सांगत नाहीत." शेळीनं एकाच्या ब्रेलच्या कागदाला तोंड लावलं तेव्हा कुठं खुलासा झाला. सरांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि ते तिथंच राहिलं. आमचे ते कोनशे सर.

शाळा जळगावातली, अंध मुलांची, तिथंच राहून शिकायची. मी धुळ्याचा. आईनं फाटकाशी माझा हात सरांच्या हातात दिला, तेव्हा मला त्या हाताची खरखर आणि अंगाला येणारा भाजलेल्या वांग्याचा वास एवढंच कळलं. भरिताचे दिवस होते आणि सर बहुधा स्वयंपाकघरातून उठून आले होते. पारोळ्याजवळच्या खेड्यातले, लहानपणी गोवरात डोळे गेलेले. लग्न केलं नाही. गावी थोरली बहीण होती, तिला सगळे अक्का म्हणत. एक 'कोन शे' सोडलं तर शिकवताना सर पुस्तकातली मराठी बोलायचे, पण राग आला किंवा जीव कळवळला की खानदेशी सुरू. कधी काय झालंय हे आम्हाला त्यावरून कळायचं.

त्यांचा नियम साधा होता. आत आलं की दारात उभं राहून नाव सांगायचं आणि सर "बस" म्हणेपर्यंत बसायचं नाही. जायचं झालं तर "जातो सर" म्हणायचं आणि "बरं" ऐकल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. "न सांगता येणारा चोर, न सांगता जाणारा मेलेला," असं ते म्हणायचे. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आजही बँकेत साहेबांच्या केबिनमधून निघताना मी "बरं"ची वाट बघत उभा राहतो आणि साहेबांना वाटतं, याला अजून काहीतरी हवंय.

डोळसांना हा सोपस्कार वाटेल. पण आमच्यातल्या प्रत्येकावर ती वेळ येऊन गेलेली असते. आपण रंगात येऊन काहीतरी सांगत असतो आणि समोरचा मध्येच उठून गेलेला असतो. आपण रिकाम्या खुर्चीला सगळं ऐकवत राहतो, मग कुणीतरी हसतं आणि आपल्याला कळतं. सरांच्या बाबतीत हे त्यांच्या तरुणपणी पारोळ्याच्या एका लग्नात झालं होतं. मांडवात ते आपल्या शिक्षणाविषयी, नोकरीविषयी बराच वेळ बोलत बसले होते आणि शेजारचं माणूस केव्हाच पंगतीला गेलं होतं. भोवतालच्या हसण्याचा आवाज आपल्या कानातून गेला नाही, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. तसं पुन्हा होऊ नये, एवढ्यासाठी त्यांचा तो सगळा खटाटोप होता.

मी शाळा सोडून पुढं शिकत होतो, तेव्हा शाळेत संगणक आले. गावातल्या एका मारवाडी शेठजींनी आपल्या पेढीवरचे जुने संगणक दिले, त्यांच्या सुनेनं ब्रेल प्रिंटर दिला. लिनक्स फुकट मिळतं आणि त्यात पडद्यावरचं वाचून दाखवायची सोय असते, म्हणून सरांनी सगळीकडे तेच घातलं. संगणकांना खानदेशातल्या नद्यांची नावं दिली. तापी, पांझरा, बोरी, वाघूर, अनेर. प्रिंटर जिला जोडला ती गिरणा.

अडचण वेगळीच होती. प्रत्येक संगणकाला गिरणेचा आकड्यांमधला पत्ता सांगून ठेवावा लागे. वीज गेली, राउटर बंद होऊन चालू झाला, की आकडे बदलत आणि छपाई ठप्प. मग भुसावळहून माणूस बोलवायचा, त्यानं सगळ्या यंत्रांवर नवे आकडे भरायचे, पुढच्या वीज जाण्यापर्यंत निश्चिंती. आणि आमच्याकडे वीज जाणं म्हणजे काही सणावाराची गोष्ट नव्हे. सर वैतागले. "आंधळ्यांच्या शाळेत एकमेकांना पत्त्यावरून शोधतात होय?" ते मला म्हणाले. "आपण काय करतो? आत आलो की नाव सांगतो. यंत्रांना हे जमत नाही का?"

यंत्रांना ते जमतं, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं. अवाही नावाची एक सेवा लिनक्समध्ये असते. ती चालू केली, की नेटवर्कवर आलेला संगणक आपण होऊन सगळ्यांना सांगतो, मी गिरणा, मी छापून देते. ज्याला छापायचं असेल त्यानं नाव घ्यायचं, आकडे विचारायचेच नाहीत. आणि संगणक नीट बंद केला तर जाताना तो तेही सांगतो. हे वाचलं तेव्हा सरांना इतका आनंद झाला, की त्यांनी मला भर दुपारी फोन करून अवाहीची सगळी माहिती ऐकवली. आपला नियम कुणीतरी दूर देशी बसून यंत्रांना शिकवलाय, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं.

पहिल्या प्रयत्नात काही घडलं नाही. सेवा चालू होती, प्रिंटरची नोंद बरोबर होती, तरी गिरणेचा आवाज कुणालाच जात नव्हता. संगणकाची राखण करणारी फायरवॉल तो अडवत होती. सरांनी ती वाट मोकळी केली आणि पांझरेच्या स्पीकरमधून "गिरणा" असं नाव आलं. पुढं एक गंमत झाली. तापीची हुबेहूब नक्कल करून सरांनी दुसरा संगणक उभा केला आणि त्याचं नाव बदलायला विसरले. दोघंही मी तापी, मी तापी करू लागले. मग दुसऱ्यानं आपलं नाव निमूट 'तापी-२' करून घेतलं. "भाऊबंदकीत असं शहाणपण पाहिलं का कधी?" सर म्हणाले. त्यांनी ते नाव तसंच राहू दिलं.

यातली एक खोच त्यांनी तेव्हाच हेरली होती. संगणक नीट बंद न करता त्याची वीजच गेली, तर त्याला "जातो" म्हणायला सवड मिळत नाही. मग बाकीच्यांच्या यादीत त्याचं नाव पुढं तासभर तसंच राहतं. सर त्याला मुकाट्यानं गेलेला म्हणायचे. तेव्हा आम्ही दोघंही त्यावर हसलो होतो.

सरांचे कान केव्हा जाऊ लागले ते कुणालाच कळलं नाही. डोळसांच्या शाळेत कुणीतरी पाहिलं असतं, की सर बोलणाऱ्याकडे मान वाकवतात, कानामागं हात धरतात. आमच्यात पाहणार कोण? शाळेत मोजकी डोळस माणसं होती, ती सरांच्या वर्गात फिरकत नसत. सरांनीही शिताफीनं निभावून नेलं. दारातून कसलाही आवाज आला की ते "हं, बस" म्हणायचे. उत्तरं ऐकू आली नाहीत की "पुन्हा सांग, सगळ्यांना ऐकू दे" म्हणायचे. कडक झालेत सर, असं पोरं म्हणू लागली. आंधळ्या मुलांना कुणी बोलेनासं झालं, की तो रागावलाय असंच वाटतं.

सातपुड्याच्या पायथ्याकडची रमिला नावाची मुलगी होती, सातवीत. आवाज अगदी बारीक. एके सकाळी ती दारात येऊन "मी रमिला" म्हणाली. सरांनी विचारलं, "कोन शे?" तिनं पुन्हा सांगितलं. सरांनी पुन्हा विचारलं आणि मग कुणी नसावं असं समजून शिकवायला लागले. आपलं काहीतरी चुकलंय आणि सर आपल्याला शिक्षा करताहेत, असं समजून रमिला दारातच उभी राहिली. "बस" ऐकल्याशिवाय बसायचं कसं? तास संपेपर्यंत ती उभी होती आणि वर्गात एकालाही त्याचा पत्ता नव्हता. घंटा झाल्यावर बाहेर पडणारी मुलं तिच्यावर आदळली, तेव्हा ती रडायला लागली. मुलांनी सरांना धरून आणलं. सरांनी तिच्या गालाला हात लावला, तो ओला लागला. मुलं सांगतात, की सर तिथंच उंबऱ्यावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

त्या रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. मी धुळ्याहून एसटीनं गेलो. दारात मोठ्यानं नाव सांगितलं. काही उत्तर नाही. जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ते दचकले आणि माझं मनगट, घड्याळ, बोटं चाचपून म्हणाले, "दिन्या." मग मला शेजारी बसवून म्हणाले, "माले ऐकू येत नही रे आते. पोर दारात उभी राहिली, अन् माले समजनं नही." मी त्यांच्याबरोबर डॉक्टरकडे गेलो. नसा सुकत चालल्यात, यंत्र लावून थोडे दिवस निभेल, पुढं तेही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. हे सरांना मोठ्यानं ओरडून सांगावं लागलं. बाहेर बसलेल्या सगळ्या रुग्णांनी ते ऐकलं.

हे शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या कानावर गेलं. तिथली माणसं वाईट नव्हती. त्यांनी सरांना चहा दिला आणि विचारलं, की वर्गात कोण आलं, कोण गेलं हे ज्या शिक्षकाला कळत नाही, त्याच्यावर मुलं कशी सोपवायची? प्रश्न रास्त होता. मला त्यांचा राग आला तो प्रश्न रास्त होता म्हणूनच. सरांनी थोडी मुदत मागून घेतली. वर्गात कोण आहे हे मला कळलं की झालं ना, मग त्यानंतर येऊन पाहा, असं ते म्हणाले.

त्यानंतरचे रविवार आम्ही दोघांनी संगणकांच्या प्रयोगशाळेत काढले. शेठजींच्या सुनेनं एक ब्रेल डिस्प्ले मिळवून दिला. पट्टीएवढं ते यंत्र. त्यातल्या बारीक टाचण्या वरखाली होतात आणि पडद्यावरची ओळ बोटांखाली उमटते. सरांची कल्पना अशी, की प्रत्येक मुलानं बाकावरच्या संगणकात आपल्या नावानं शिरायचं. शिरताक्षणी त्या संगणकानं अवाहीतून मुलाचं नाव पुकारायचं. मुलगा नीट बाहेर पडला, की नाव मागं घ्यायचं. सरांच्या लॅपटॉपवर सगळी नावं ऐकणारी आज्ञा चालू असायची. कुणी आलं, की बोटांखाली आधी अधिकचं चिन्ह आणि मग नाव. कुणी गेलं, की उणेचं चिन्ह आणि नाव. बोलण्यासाठी मुलांनी टाइप करायचं, तेही तिथंच उमटायचं. आणि संगणक नसेल तिथं सरांनी आपली बोटंच पुढं केली. ब्रेलच्या सहा टिंबांसाठी दोन्ही हातांची मिळून सहा बोटं. आपण त्यांच्या बोटांवर टकटक करायची, ते अक्षर वाचायचे. पोरं हे दोन दिवसांत शिकली. मला जास्त वेळ लागला, बँकेत राहून बोटं जड झाली असं सरांनी मला ऐकवलं.

पहिल्यांदा सगळी मुलं बसली आणि नावं एकामागून एक त्यांच्या बोटांखालून गेली, तेव्हा सर प्रत्येक नावाला "बस" म्हणत होते. मुलं आधीच बसलेली होती. रमिलाचं नाव आलं तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, "रमिला, बस बाई." मी मागच्या बाकावर होतो. माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

विजेचा विचार आमच्या मनात होता. इन्व्हर्टर लहान होता. त्याच्यावर पंखे, राउटर आणि सरांचा लॅपटॉप चालायचा, मुलांचे संगणक नाही. मोठ्या बॅटरीसाठी शेठजींकडे शब्द टाकला होता, ती यायची होती. तोवर वीज गेली तर मुलंच सांगतील, असं सर म्हणाले. मुलं तर सांगूनच जातात.

संस्थेचे लोक आले त्या दिवशी मी बँकेत होतो. पुढचं मला रमिलानं सांगितलं, आणि ती पदरचं काही घालणारी मुलगी नाही.

पाहुणे आले ते नाव न सांगता, तास बिघडू नये म्हणून पावलं न वाजवता. डोळसांची ती सभ्यता. सर आपले ठरल्याप्रमाणे शिकवत होते, एक हात डिस्प्लेवर. मध्येच वीज गेली. मुलांच्या कानातले आवाज बंद झाले. सरांच्या डोक्यावरचा पंखा फिरतच होता, वारा लागत होता, त्यामुळं त्यांना काही कळलं नाही. बोटांखाली सगळी नावं होती तशीच होती. शाळेचे अधीक्षक दारात येऊन मुलांना म्हणाले, की संस्थेच्या साहेबांना वेळ थोडा आहे, नाहीतरी संगणक बंद पडलेत, तेव्हा सगळ्यांनी हॉलमध्ये चला आणि स्वागतगीत म्हणा. ते सरांच्या टेबलापर्यंत गेले नाहीत. गडबडीत राहिलं असेल.

मुलं रांगेनं उठली. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून सरांच्या टेबलावरून जाताना प्रत्येकानं नाव घेऊन सांगितलं, "जातो सर," "जाते सर." कुणालाही "बरं" मिळालं नाही. पण मागचा ढकलत होता, अधीक्षक घाई करत होते, मुलं गेली. सर शिकवत राहिले. त्यांनी एकाला नाव घेऊन प्रश्न विचारला, उत्तर उमटलं नाही, तर म्हणाले, "सावकाश लिही, घाई नाही." पाहुणे दारात उभे राहून हे बघत होते. त्यांच्यातलं कुणी हसलं नाही, असं रमिला म्हणाली. मी तिला ते पुन्हा विचारून घेतलं.

रमिला उठली नव्हती. तिला "बरं" ऐकू आलं नव्हतं. खोलीत सरांचा एकट्याचा आवाज राहिला तेव्हा ती चाचपत पुढं गेली आणि सरांची बोटं शोधून त्यांच्यावर लिहिलं, की वीज गेली आहे, सगळे हॉलमध्ये गेलेत. सर बोलायचे थांबले. त्यांनी डिस्प्लेवरचा हात उचलला.

"बठ्ठा गयात?" त्यांनी विचारलं.

तिनं लिहिलं, हो, सगळे.

"सांगीसन गयात का?"

रमिलानं लिहिलं, सगळे सांगून गेले, नाव घेऊन, एकेक जण. सरांनी ते तिच्याकडून दुसऱ्यांदा लिहवून घेतलं. मग म्हणाले, "पोरं चांगली शेत." आणि लॅपटॉप नीट बंद केला.

मोठी बॅटरी पुढच्याच महिन्यात आली. पण संस्थेचा निर्णय झाला होता. सत्काराचं ठरत होतं, शाल, नारळ, दोन शब्द. सरांनी नको म्हणून कळवलं. ऐकू न येणारे दोन शब्द घेऊन काय करू, असं त्यांनी मला विचारलं. संगणकांचं काम मात्र त्यांनी सोडलं नाही. जायच्या आदल्या दिवसापर्यंत ते रमिलाला आणि दोन मोठ्या मुलांना सेवा कशी चालू करायची, नाव कुठं बदलायचं, आवाज जात नसेल तर फायरवॉल आधी कशी तपासायची हे शिकवत होते. आज जळगावच्या त्या शाळेत भुसावळहून माणूस बोलवावा लागत नाही.

त्यांना न्यायला अक्का आली होती. बाहेर रिक्षा उभी होती आणि अक्का ड्रायव्हरशी दोन पोत्यांवरून हुज्जत घालत होती. सर प्रयोगशाळेच्या दारात आले. सगळी मुलं आत होती, मीही होतो. सर उंबऱ्याशी उभे राहिले, आपलं नाव घेतलं, पगारपत्रकावरचं, पूर्ण. मग म्हणाले, "जास मी." आणि त्यांचं बांगडीएवढं सैल घड्याळ वाजलं, त्यावरून दोन्ही हात पुढे केलेत हे मला कळलं.

नियम नियम होता. "बरं" म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. मुलांना हे ठाऊक होतं, म्हणूनच एकही मूल जागचं हललं नाही. रमिला माझ्या शेजारीच होती. मी तिला हलकेच पुढं ढकललं, तर तिनं दोन्ही हात पाठीमागं धरले. अक्कानं बाहेरून हाक मारली. सरांना ती ऐकू येणार नव्हती. ते तसेच उभे होते, हात पुढे.

असं त्यांना उभं ठेवणं बरं नव्हतं. मी पुढं गेलो, मोठ्यानं माझं नाव सांगितलं, सवयीनं, आणि त्यांचे हात हातात घेतले. 'ब'ला डावीकडची दोन बोटं. 'र'ला डावीकडची तिन्ही आणि उजवीकडचं मधलं. अनुस्वारासाठी उजवीकडची शेवटची दोन. माझी जड बोटं त्या दिवशी एकदाही चुकली नाहीत.

सरांनी माझे हात एकदा दाबले आणि उंबरा ओलांडला.